जागल्याच्या शेजारचा माणूस

पुण्यातला माझा भाचा एका खासगी कंपनीत खरेदी विभागात आहे. गेल्या महिन्यात त्याच्या हाती काही बिलं आली. माल गेटवर आलेलाच नाही, पैसे मात्र दिलेले. त्याने घरी सांगितलं आणि दोन तट पडले. ताई म्हणते, "तू कशाला वाईटपणा घेतोस? घराचे हप्ते कोण भरणार?" भावजींचं म्हणणं, आधी देशात नीट कायदा येऊ दे, मग बोला. व्हिडिओ कॉलवर ते मला म्हणाले, "तुमच्या इंग्लंडात बोलायला काय जातंय?"

भावजींचं निम्मं खरं आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार सत्येंद्र दुबे या अभियंत्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता. नाव गुप्त ठेवा, अशी विनंती पत्रातच होती. तरी नाव फुटलं आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. आपल्या तळेगाव दाभाड्यात जमीन व्यवहार उघडे पाडणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघाले होते, ते परतले नाहीत. जागल्यांच्या, म्हणजे आतले गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या (व्हिसलब्लोअर), संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू झालेलाच नाही. याची मला मनापासून लाज वाटते. शिवाय तो सरकारी कारभारापुरता आहे. भाच्यासारख्यांना आधार २०१३ च्या कंपनी कायद्याचा. त्यानुसार शेअर बाजारातल्या कंपन्यांना आत तक्रारीची सोय ठेवावी लागते.

आता इंग्लंड. मी इथे एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. कँटीनच्या दाराशीच पोस्टर आहे: काही चुकीचं दिसलं तर या व्यक्तीशी बोला. हे सुखासुखी आलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात हृदयशस्त्रक्रियेनंतर लहान मुलं दगावत होती. भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी आकडे जमवले, वरिष्ठांना दाखवले, पुनःपुन्हा दाखवले. शेवटी त्यांनाच देश सोडून ऑस्ट्रेलियात जावं लागलं. २००१ च्या चौकशी अहवालाने सांगितलं, १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं इतर ठिकाणांच्या मानाने जास्त गेली. इथला संरक्षणाचा कायदा १९९८ चा, म्हणजे बोल्सिन निघून गेल्यानंतरचा. आणि आजही ते पोस्टर पाहून पुढे निघून जाणारे सहकारी मला रोज दिसतात. कायदा नोकरी वाचवू शकेल. जेवणाच्या टेबलावर शेजारी कोण बसणार, हे तो ठरवू शकत नाही.

मी हे छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः गप्प बसलेली आहे. इकडे येण्यापूर्वी मी एका औषध कारखान्यात क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात होते. एक बॅच चाचणीत नापास झाली. पुन्हा केली, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा पास झाली आणि रेकॉर्डवर तेवढीच तिसरी चाचणी राहिली. मला भीती वाटली नव्हती. आमच्या साहेबांनी बाबांच्या ऑपरेशनला कंपनीकडून ॲडव्हान्स मिळवून दिला होता, आणि त्या माणसाविरुद्ध लिहायचं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं, एवढंच माझ्या मनात होतं. त्या औषधाच्या गोळ्या कुणीतरी विश्वासाने गिळणार होतं, हे माहीत असूनही ते माणूस डोळ्यांसमोर आलंच नाही. साहेब रोज समोर होते.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ चा प्रयोग मी नंतर वाचला. रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम. पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चूक उत्तर देत, आणि एकटी पडलेली माणसं साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिसळत. नुसता एक जण बरोबर बोलणारा मिळाला, की हे प्रमाण आधीच्या साधारण पाव हिश्श्यावर यायचं. एवढ्या फरकाला एकच माणूस पुरला!

जागल्या हा शब्द आपल्या गावगाड्यातला. रात्री गाव राखायचं काम त्याचं, आणि ते बहुतेक त्यांच्याच माथी मारलेलं, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. हाक त्याने द्यायची, पण घर मात्र बाहेर. नोकरीतल्या जागल्याचंही आपण तेच करतो, म्हणून ताईचा "वाईटपणा" हा शब्द मला खटकतो. बिलं खोटी करणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही, दाखवणाऱ्याच्या येतो.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत गेले तेव्हा जुन्या क्यूसीतल्या मैत्रिणी जमलो होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी हळूच म्हणाली, "ती बॅच आठवते? मीही दोन्ही रिझल्ट पाहिले होते गं." इतकी वर्षं आम्ही दोघी आपापल्या जागी एकट्याच होतो.

म्हणून मी भाच्याला धाडस कर असं सांगितलं नाही. कागदांच्या प्रती आणि तारखा नीट जपून ठेव म्हटलं, आणि विचारलं, "ही बिलं आणखी कुणाच्या डोळ्यांखालून गेलीत?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "स्टोअर्समधल्या एकाच्या. मावशी, त्याला उद्या डब्याच्या वेळी विचारतो."