घोड्याचा पोटशूळ आणि ‘100 पैकी 90’

लग्नसराई लागली की वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. घोड्याला पोटशूळ झाल्यास पुढचा चारा उचलावा, अर्धा लिटर गोडेतेलात हिंग व ओवा घालून बांबूच्या नळकांड्याने पाजावे, आतडे पिळू नये म्हणून त्याला क्षणभरही लोळू न देता दोन तास चालवावे आणि डॉक्टरांची वाट पाहू नये, कारण या उपायाने 100 पैकी 90 घोडे बरे होतात, असे त्यात सांगितलेले असते.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण बाकीचे सारे त्याच्याच आधारावर उभे आहे. हा आकडा कोणी, कुठे मोजला हे संदेशात नाही. पण तो खरा मानला तरी त्यातून तेलाचा गुण सिद्ध होत नाही. पोटशुळाची बहुतेक दुखणी साध्या वायूची किंवा आतड्याच्या आकडीची असतात आणि ती थोडक्या उपचाराने, कित्येकदा काहीही न करता, काही तासांत शमतात. त्यामुळे तेल पाजलेले आणि न पाजलेले असे सारख्याच अवस्थेतले घोडे शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज श्रेय तेलाचे की निसर्गाचे, हे ठरत नाही. शिवाय ज्याचा घोडा दगावला तो मालक गटात अनुभव लिहायला सहसा येत नाही. (‘माझ्या अनुभवात’ असे म्हणणारे पशुवैद्यकही याच चुकीत सापडतात.)

पाजण्याची बाब अधिक गंभीर आहे. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू फार घट्ट असल्यामुळे घोड्याला ओकता येत नाही. लहान आतड्यात अडथळा असला की द्रव मागे जठरात साचत जातो आणि त्यात बाहेरून भर पडल्यास जठर फुटू शकते. पशुवैद्यक नाकातून नळी घालतात ती आधी हे साचलेले काढण्यासाठी, औषध त्यानंतर. मान वर ओढून ओतलेले तेल श्वासनलिकेत उतरले, तर होणारा न्यूमोनिया मूळ दुखण्यापेक्षा जिवावर बेततो. कोरडी लीद मोठ्या आतड्यात अडकली असेल तर तिला भिजवते ते पाणी. तेल बहुधा तिच्या कडेने निघून जाते.

लोळण्याने पीळ पडतो याला भक्कम पुरावा नाही. पीळ पडल्याच्या वेदनेने घोडा लोळतो, हा क्रम अधिक संभवनीय आहे. थोडे सावकाश फिरवण्यात गैर नाही, परंतु चंद्रपूरकडच्या मे महिन्यात अंगातले पाणी आधीच आटलेल्या जनावराला दोन तास चालवणे म्हणजे त्याला दमवून टाकणे होय. चारा उचलण्याचा सल्ला मात्र योग्य आहे.

खाद्यातला अचानक बदल हे पोटशुळाचे अनेक अभ्यासांत आढळलेले कारण आहे, आणि त्याबद्दल संदेशात एक शब्द नाही. एरवी कडबा व तुरीच्या कुटारावर असलेल्या घोडीला लग्नघरचा उरलेला भात किंवा पाटीभर हरभरा एकाच दिवशी घालू नये. दाणा वाढवायचाच असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा.

पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर फोन करताना शेवटची लीद केव्हा पडली हे सांगावे आणि घोड्याच्या डाव्या कोपरामागे हात ठेवून मोजलेले हृदयाचे ठोके कळवावेत. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. ते 60 च्या वर गेले असतील किंवा हिरड्या काळपट दिसत असतील, तर फोनवर पहिल्यांदा तेच सांगावे.