ज्ञ ज्ञानेश्वराचा

जून 2020 मध्ये भोसरीतल्या आमच्या कंपनीनं खरेदी खातं गुंडाळलं. मुंबईच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर बारा मिनिटं भाषण केलं, त्यातली चार त्यांचा माइक बंद होता. माझी चौदा वर्षांची नोकरी बहुतेक त्या चार मिनिटांतच गेली, कारण आवाज परत आला तेव्हा ते एकदम 'तुम्हा सर्वांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा' म्हणत होते. शेजारच्या चौकोनातल्या कुलकर्ण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बढती मिळाली.

नोकरी गेल्याचं दुःख करायला निदान आठवडा तरी मिळावा. दुसऱ्याच दिवशी जिन्यात नानांनी गाठलं. नाना बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे दुसऱ्याच्या पैशाकडे बारीक लक्ष ठेवायची सवय गेलेली नाही. "माऊली, रडताय काय? सरकार बेकारी भत्ता देतं की!" पुराव्यादाखल त्यांच्याकडे कात्रणही होतं.

भत्ता खरंच होता. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 पासूनची. कामगार राज्य विमा (ईएसआय) योजनेतल्या माणसाची नोकरी गेली तर सरासरी मजुरीच्या 25 टक्के रक्कम 90 दिवसांपर्यंत मिळायची; कोरोनात ती वाढवून 50 टक्के केली. पण त्यासाठी त्या विम्यात असावं लागतं आणि तिथं महिन्याच्या पगाराची मर्यादा 21,000 रुपये. मी तीन वर्षांपूर्वी ती ओलांडली होती, तेव्हा आम्ही घरी श्रीखंड आणलं होतं. त्या श्रीखंडाचा हिशेब असा पुढे चुकता होईल हे कुणाला ठाऊक!

राहिला पीएफ. मूळ पगाराचे 12 टक्के माझे आणि तेवढेच कंपनीचे, त्यातला एक वाटा पेन्शनला. तेव्हाचा नियम साधा होता: नोकरी सुटून महिना झाला की 75 टक्के काढता येतात, दोन महिने झाले की सगळे. "घरबसल्या होतं, काका," असं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं सांगितलं. घरी तर मी बसलेलोच होतो.

लेक प्रज्ञा नववी संपवून दहावीत गेली होती आणि ऑनलाइन शाळेमुळे घरातला एकुलता एक लॅपटॉप तिच्या ताब्यात होता. भूगोलाचा तास संपल्यावर तिनं माझा यूएएन, म्हणजे पीएफचा बारा आकडी नंबर, टाकला, पासवर्ड विसरल्यामुळे नवा केला, आणि म्हणाली, "बाबा, आधार जुळत नाहीये. तुमचं नाव वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

"इथं तुम्ही ग्यानेश्वर आहात."

इथून खरी यात्रा सुरू झाली.

ज्ञ हे अक्षर आपल्या मुळाक्षरांत शेवटच्या बाकावर बसतं आणि शेवटच्या बाकावरच्या पोरासारखाच वात्रटपणा करतं. मराठी माणूस त्याचं स्पेलिंग डी-एन-वाय-ए करतो. उत्तरेकडे जी-वाय-ए. दक्षिणेत जे-एन-ए. एकच अक्षर, पण दर राज्यात वेगळ्या नावानं राहतं, एखाद्या फरारी आरोपीसारखं. माझ्या आधारवर डी-एन-वाय-ए होतं. 2014 मध्ये यूएएन आले तेव्हा कंपनीतल्या कुणीतरी यादी टाइप करताना मला जी-वाय-ए केलं. बँकेत डी-एन-वाय-ए बरोबर, पण शेवटी डब्ल्यूच्या जागी व्ही. थोडक्यात, पैसे कमावले ग्यानेश्वरनं, बोटांचे ठसे दिले ज्ञानेश्वरनं आणि खातं तिसऱ्याचंच.

बँकेतला व्ही दोन फेऱ्या आणि एका अर्जात सुटला. पीएफमधलं नाव सुधारायला मात्र तेव्हा संयुक्त घोषणापत्र लागायचं. मी आणि कंपनी, दोघांनी मिळून, सही-शिक्क्यानिशी जाहीर करायचं की ग्यानेश्वर तो हाच. घटस्फोट झाल्यावर जोडीनं सत्यनारायणाला बसावं, तसला प्रकार. शिवाय ऑनलाइन विनंती कंपनीच्या लॉगिनमध्ये जायची, तिथून कुणीतरी मंजूर करून पुढे ढकलायची.

ते 'कुणीतरी' म्हणजे आमच्या एचआरच्या मॅडम. फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या कॉलनंतर पंधरा मिनिटांनी माझा कॉल होता." त्यांचाही पीएफ अडकला होता. आम्ही दोघांनी एकमेकांना सबुरीचा सल्ला दिला आणि त्यांनी मला मुंबईच्या लेखा विभागातल्या एका गृहस्थांचा नंबर दिला.

हे गृहस्थ सज्जन होते, पण सकाळी अकराच्या आधी मीटिंगमध्ये, अकरा ते चार दुसऱ्या लाइनवर आणि चारनंतर "उद्या नक्की" या गावी असायचे. कंपनीत असताना खरेदीवाला म्हणून मी पुरवठादारांना चौदा वर्षं हेच ऐकवलं होतं: चेक सहीला गेलाय, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. एकेक वाक्य ओळखीचं. एका पत्र्यावाल्याला मी बिलासाठी सात महिने फिरवलं होतं, त्याचा चेहरा त्या दिवसांत फार आठवायचा.

"ज्यांचं नाव लावता त्यांनी निर्जीव भिंत चालवली," बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आणि तुमच्याच्यानं एक कागद हलेना."

"त्यांनी रेड्याकडून वेद वदवून घेतले," मी म्हणालो. "लेखा विभागाचा अनुभव त्यांना नव्हता."

शेवटी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुरिअरनं घोषणापत्र आलं. सही होती, शिक्का होता, फक्त शिक्का उलटा बसला होता. मास्क लावून पीएफच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी काचेपलीकडून कागद फिरवून शिक्का सुलटा करून वाचला, मग त्याच कोनात मान वाकडी करून माझं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "चालेल." तो शब्द ऐकून मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं; सहा फुटांच्या नियमामुळे राहून गेलं.

नाव सुटलं तेव्हा कुठे आधार जुळलं. मग लक्षात आलं की नोकरी सोडल्याची तारीखच कुणी भरलेली नाही. म्हणजे पीएफच्या दप्तरी मी अजून कामावर होतो, चार महिने बिनपगारी, एक दिवसही रजा न घेता. ही तारीख स्वतः भरायची सोय त्याच वर्षी जानेवारीत झाली होती; शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले की आधारच्या ओटीपीवर आपल्यालाच भरता येते. प्रज्ञानं कारणांची यादी उघडली. निवृत्ती नाही, कायमचं अपंगत्व नाही, मृत्यू नाही (इथं नानांनी "अद्याप" असं जोडलं). माझ्या वाट्याला येणारं एकच होतं: 'सेसेशन, शॉर्ट सर्विस'. चौदा वर्षं डबा घेऊन गेलो, दोन चपातीचे डबे आणि तीन छत्र्या झिजवल्या, त्याला हे लोक अल्पसेवा म्हणतात. मुकाट्यानं टिक केलं.

नाना म्हणाले, पेन्शनचेही काढून टाका. तेही होत नाही. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली की ती रक्कम हातात मिळत नाही, पेन्शन म्हणूनच घ्यायची, पूर्ण हवी तर 58 व्या वर्षापासून. म्हणजे काढायला माझी सेवा फार लांब आणि सोडायला फार आखूड.

आता पीएफ काढायचा अर्ज, म्हणजे फॉर्म 19, आणि सोबत चेकचा फोटो. तेव्हा चेकवर खातेदाराचं नाव छापलेलं लागायचं. आमचं चेकबुक देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या डबीखाली असतं. पहिल्या फोटोत आयएफएससीवर कुंकू सांडलेलं, दुसऱ्यात ट्यूबलाइटचा पट्टा, तिसऱ्यात माझा अंगठा. चेक गुंडाळला जात होता म्हणून बायकोनं तो पोळपाटावर ठेवून वरच्या कडेला लाटणं टेकवलं. तो फोटो आम्हा तिघांनाही इतका सुरेख वाटला की तसाच चढवला. आठ दिवसांनी मेसेज आला: क्लेम नामंजूर, चेकवरील नाव दिसत नाही. लाटणं बरोबर नावावर होतं.

"नावाचाच दोष आहे तुमच्या," बायको म्हणाली. लाटण्याबद्दल अवाक्षर नाही.

चौथा फोटो गच्चीत, सकाळच्या उन्हात, चारही कोपऱ्यांवर चार गोट्या ठेवून काढला. पुन्हा अर्ज. मग वाट बघणं. मी दिवसातून नऊ वेळा 'अंडर प्रोसेस' वाचायचो. एकदा रात्री दोनला उठून बघितलं, न जाणो रात्रपाळीत कुणीतरी मंजूर केला असेल. दिवाळी त्यातच गेली. चकल्या झाल्या, पण तेलाच्या भावावर चर्चा करून झाल्या.

नोव्हेंबर संपता संपता फोन किणकिणला. पैसे जमा. मी रक्कम तीनदा वाचली, बायकोला वाचायला लावली, आणि नानांना कळवायला जिन्यात गेलो तर ते आधीच दारात उभे. "भिंतीतून ऐकू आलं," म्हणाले. "एफडी करा." त्या रविवारी पुन्हा श्रीखंड आणलं, या वेळी अर्धाच किलो. सात महिने फिरवलेल्या त्या पत्र्यावाल्याला फोन करून उगाच ख्यालीखुशाली विचारली. तो दचकला. त्याला वाटलं, नवीन कंपनीतून बोलतोय.

डिसेंबरात प्रज्ञा एक कागद घेऊन आली. "बाबा, बोर्डाच्या फॉर्मसाठी शाळेनं नावांची यादी पाठवलीय. आपलं नाव तपासून सही करून द्यायचीय. मॅडम म्हणाल्या, एकदा गेलं की बदलायला फार त्रास."

मी चष्मा लावला. तेविसावा क्रमांक. पी, आर, ए. पुढे जी.

"सही करू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि अहो, आत्ताच्या आत्ता शाळेला फोन लावा."