टक्का

परवा डोंबिवलीहून मामाचा फोन आला. गुडघे, पाणी, लोकलची गर्दी झाल्यावर गाडी नेहमीप्रमाणे मराठी टक्क्यावर आली. गिरगावात किती उरले, दादरला किती उरले, त्याच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट कोणी घेतला. मी हं हं करत खिडकीबाहेर बघत होते. समोरचे सरदारजी आजोबा फावड्याने ड्राइव्हवेमधला बर्फ काढत होते, त्यांच्या शेजारच्या गयानाच्या आंटी पायरीवर मीठ टाकत होत्या.

"आणि तुमच्याकडे गोरे काय म्हणतात?" मामाने विचारलं.

मी म्हटलं, "मामा, तू ज्या टक्क्याने वैतागतोस ना, इथे तो टक्का मीच आहे."

तो हसला आणि फोन ठेवला. मला मात्र तेव्हापासून ते वाक्य टोचतंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आम्ही २००७ पासून कॅनडात, ब्रॅम्प्टनला आहोत. टोरांटोच्या वायव्येला, विमानतळाच्या पलीकडे. २००१ च्या जनगणनेत इथे दर १०० माणसांत साधारण २० दक्षिण आशियाई होती. २००६ मध्ये ३२ च्या आसपास, २०१६ मध्ये ४४ आणि २०२१ मध्ये ५२.४. म्हणजे आम्ही आलो तेव्हा तिघांत एक, आता दोघांत एक, आणि गावाची वस्ती साडेसहा लाखांच्या वर. टोरांटोजवळच्याच मार्कममध्ये जवळजवळ ४८ टक्के चिनी, तिकडे व्हँकूवरजवळच्या रिचमंडमध्ये ५४ टक्के. अख्खं टोरांटो महानगर धरलं तर ५७ टक्के लोक 'व्हिजिबल मायनॉरिटी', म्हणजे गोरे आणि मूळनिवासी सोडून बाकी सगळे. ५७ टक्के, आणि मायनॉरिटी! सरकारी भाषेला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या घरी जनगणनेचा लांबडा फॉर्म आला होता. चार घरांतल्या एकालाच येतो. लेक लॅपटॉपवर भरत होती आणि मी भाजी निवडत होते. एका प्रश्नावर ती थांबली. व्हाइट, साउथ एशियन, चायनीज, ब्लॅक, फिलिपिनो अशा चौकटी. "आई, आपण साउथ एशियन ना?" जन्मात कधी मी स्वतःला हे म्हटलं नव्हतं. डोंबिवलीत आम्ही आधी कोकणातले, मग मराठी, आणि भारतीय फक्त क्रिकेटपुरते. म्हटलं, कर खूण.

त्या एका चौकटीत कोण कोण कोंबलंय बघा. सत्तरच्या दशकात विमानतळाशेजारच्या माल्टनमध्ये उतरलेले आणि घरं मोठी करत उत्तरेकडे सरकलेले पंजाबी. नैरोबी-कंपालामार्गे आलेले गोंयकार, ज्यांच्यापैकी कित्येकांनी गोव्याचं गाव फक्त सुट्टीत पाहिलं. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले गुजराती आणि इस्माइली. १९८३ च्या कोलंबोतल्या तमिळविरोधी जाळपोळीनंतर आलेले तमिळ. १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातले १५५ जण न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ दोन लाइफबोटींत तरंगताना सापडले होते. पाकिस्तानी, बांगलादेशी. आणि आमच्या गयानाच्या आंटी, ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून गेले. त्यांना हिंदी येत नाही, पण हनुमानचालिसा पाठ आहे. आंटी म्हणतात, इंडियन लोक मला इंडियन मानत नाहीत आणि कॅरिबियन लोक कॅरिबियन मानत नाहीत, जनगणनेने तरी घेतलं. या सगळ्यांचा मिळून ५२.४ टक्के. मग कोणीतरी ट्विटरवर आलेख टाकतो आणि खाली 'शहर गेलं' असं लिहितो.

कोणाचं होतं म्हणून गेलं?

टोरांटोला एके काळी कॅनडाचं बेलफास्ट म्हणत, म्हणजे प्रोटेस्टंट-कॅथलिक वैरासाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर आयर्लंडच्या राजधानीची उपमा देत. ऑरेंज ऑर्डर या कडव्या प्रोटेस्टंट संघटनेचा शहरावर असा पगडा होता की तिचा सदस्य नसलेला महापौर विरळाच. आयरिश कॅथलिक म्हणजे उपरे. रविवारी बागेतले झोके बांधून ठेवत आणि ईटन्स या मोठ्या दुकानाच्या काचांवर पडदे ओढत, म्हणजे देवाच्या दिवशी कोणी नुसती नजरेनेही खरेदी करू नये. १९५५ मध्ये नेथन फिलिप्स हे पहिले ज्यू महापौर झाले तेव्हा कुठे ती गाठ सैल झाली. आता सिटी हॉलसमोरच्या त्यांच्या नावाच्या चौकात आपण बर्फावर स्केटिंग करतो आणि सेल्फी काढतो.

इथली वस्ती नेहमी एकाच पद्धतीने सरकत आली आहे. ज्यू लोक केन्सिंग्टन मार्केटमधून बाथर्स्ट रस्त्याने उत्तरेला थॉर्नहिलपर्यंत गेले. इटालियन कॉलेज स्ट्रीटवरून सेंट क्लेअरला आणि तिथून वुडब्रिजला. चिनी स्पडायनावरून स्कारबरोच्या अ‍ॅजिनकोर्टला, पुढे मार्कमला. जुन्या जागी उरतं ते 'लिटल' अमुकतमुक, दोन मिठायांची दुकानं आणि वर्षाला एक जत्रा. जेरार्ड स्ट्रीटचा इंडिया बाजार बघा. १९७२ मध्ये तिथे 'नाझ' थिएटर सुरू झालं, लोक तासन्‌तास गाडी हाकत हिंदी सिनेमाला येत. आज पंजाबी घरातली सगळी लग्नखरेदी ब्रॅम्प्टनमध्येच होते, जेरार्डला आम्ही पाहुणे आले की मका खायला जातो. हे सगळं आपल्यासाठी नवीन नाही. गिरगावातून दादर, दादरवरून डोंबिवली, डोंबिवलीवरून बदलापूर. मामाच्या टक्क्यातले निम्मे लोक कोणी हाकलले नाहीत, खोली विकून मोठा ब्लॉक घ्यायला गेले. त्यात मामाही आला. पण हे त्याला फोनवर सांगायची माझी छाती नाही.

एक योगायोग मला फार दिवस छळतोय. १९६६ च्या जूनमध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली: भूमिपुत्रांना आधी नोकऱ्या. १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाने स्थलांतरितांसाठी गुणांची पद्धत आणली: शिक्षण, वय, भाषा, कसब बघू, वंश बघणार नाही. याच देशाने १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाजावरच्या ३७६ हिंदुस्थानी प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूवरच्या बंदरातून परत पाठवलं होतं. माझ्या आजोबांनी पहिल्या गोष्टीसाठी टाळ्या वाजवल्या आणि मी दुसरीच्या गुणांवर विमानात बसले. घरात कोणालाही यात विसंगती दिसली नाही. मलाही नाही, चाळिशी उलटेपर्यंत.

आता जरा कडू बोलते. २०२२-२३ मध्ये जे झालं ते बेताल होतं, आणि तसं म्हणणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा नसतो. २०२३ मध्ये देशाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली, वर्ष संपताना परदेशी विद्यार्थ्यांची १० लाखांहून जास्त स्टडी परमिट चालू होती. आमच्या गल्लीत एकेका बेसमेंटमध्ये आठ-आठ पोरं, कचऱ्याचे डबे ओसंडून वाहतात, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पण याचं मूळ कुठे आहे? आमच्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने २०१९ मध्ये स्थानिक मुलांची फी १० टक्क्यांनी उतरवली आणि तिथेच गोठवली. अनुदान काही त्या मानाने वाढलं नाही. मग कॉलेजांनी खड्डा भरला परदेशी मुलांच्या कितीतरी पट फीने. २०२०-२१ मध्ये इथल्या सरकारी कॉलेजांत परदेशी मुलं ३० टक्के होती, फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. लुधियानात जमीन विकली गेली, इथे कॉलेजची नवी इमारत उभी राहिली. आणि शिव्या कोणाला? रात्री अडीचला गोदामातून परतणाऱ्या, जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोराला. २०२४ च्या जानेवारीत सरकारने परमिटांवर मर्यादा घातली, ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचं कायम रहिवाशांचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. वेग कमी करायला हवाच होता. पण नळ उघडणाऱ्यांनी भिजलेल्यांकडे बोट दाखवू नये.

(दिवाळीच्या फटाक्यांबाबत मात्र मी आपल्या लोकांची बाजू घेणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॅम्प्टनने फटाक्यांवर बंदी घातली तेव्हा मी मनातल्या मनात कौन्सिलला ओवाळलं.)

गेल्या गणपतीत हॉलवर हाच विषय निघाला. मोदकांच्या रांगेत एक ताई म्हणाल्या, "आपण आलो ते शिकून-सवरून, नियमाने. ही पोरं म्हणजे..." वाक्य अर्धवट सोडलं, पण सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही थोडी. रांगेतच १९७४ साली आलेले एक काका होते, फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, "मीही शिकून-सवरूनच आलो होतो. सबवेत लोक 'पाकी' म्हणून थुंकायचे, तेव्हा माझी डिग्री कोणी विचारली नाही." त्या काळात मारहाणी इतक्या वाढल्या होत्या की १९७७ मध्ये वॉल्टर पिटमन या शिक्षणतज्ज्ञांना त्यावर अहवाल लिहावा लागला. काकांनी दोन मोदक घेतले आणि खुर्चीवर जाऊन बसले. रांग पुढे सरकली, विषय पार्किंगवर गेला.

इथे पोस्ट संपवली असती तर मी फार शहाणी दिसले असते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे.

आमचं बेसमेंट पुढच्या महिन्यात रिकामं होतंय. हप्ता वाढलाय, भाडं लागणारच. काल रात्री नवऱ्याने जाहिरात लिहून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली: 'फक्त फॅमिली, शाकाहारी, महाराष्ट्रीयन असल्यास उत्तम, स्टुडंट्स नकोत.' मी म्हटलं, अरे, मूळ कुठलं यावरून भाडेकरू नाकारणं इथे मानवी हक्कांच्या कायद्यात बसत नाही, स्वयंपाकघर किंवा बाथरूम आपल्यासोबत वापरणार असेल तरच सूट आहे. तो म्हणाला, सगळेच लिहितात. खरंच लिहितात. ग्रुपवर पंजाबी लिहितात, गुजराती लिहितात, मल्याळी लिहितात.

मुलुंडला माझ्या आत्येभावाला एका सोसायटीत मासे खातो म्हणून घर नाकारलं होतं, तेव्हा अख्ख्या खानदानाने आठवडाभर थयथयाट केला होता. त्यात नवरा सगळ्यात पुढे होता. मी त्याला त्याची आठवण करून दिली. तो गप्प बसला, मग म्हणाला, "बरं, तू लिही."

मी लिहायला बसले. 'महाराष्ट्रीयन' खोडलं. 'शाकाहारी' खोडलं, आम्ही स्वतः बुधवारी सुरमई तळतो. 'स्टुडंट्स नकोत' वर कर्सर अजून लुकलुकतोय.