तीन आठवडे कमी पडले म्हणून

फेब्रुवारी २०२३ मध्ये माझा जॉब गेला. सकाळी मीटिंगचं इन्व्हाइट आलं आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनला, तेव्हा रोज कुणाचा ना कुणाचा असाच जात होता, त्यामुळे रडत बसले नाही, सरळ जॉबसीकर्स बेनिफिटचा, म्हणजे नोकरी गेल्यावर सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचा, अर्ज केला. सांगलीला फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सरकारचं बसून खायचं नको गं, आपल्यात कुणी घेतलं नाही असं." आईचं वाईट वाटलं नाही, पण हेच इथली आपली शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो. पे-स्लिपवर दर महिन्याला पीआरएसआय, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, कापला जातो, तेव्हा माझा ४ टक्के जायचा आणि कंपनी तिचा वेगळा भरायची, तो विमाच आहे ना? गाडी ठोकली तर क्लेम करताना कुणी लाजतं का?

तर पंधरा दिवसांनी पत्र आलं, तुम्ही बसत नाही. मी चाटच पडले, २०१८ पासून एक दिवस घरी न बसता काम केलेलं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

तेव्हा नियम असा होता की एकूण निदान १०४ आठवडे पीआरएसआय भरलेले पाहिजेत, ते माझे कधीच झाले होते, आणि शिवाय एका ठराविक वर्षात ३९ आठवडे "भरलेले किंवा क्रेडिट मिळालेले" (म्हणजे न भरताही आपल्या नावावर धरलेले) पाहिजेत. हे ठराविक वर्ष म्हणजे गेलं वर्ष नाही, त्याच्याही आधीचं! २०२३ ला अर्ज केला की २०२१ बघतात. आणि २०२१ म्हणजे माझ्या लेकीचं वर्ष. जानेवारीपासून मॅटर्निटी लीव्ह, २६ आठवडे बेनिफिट मिळालं त्याचे क्रेडिट आपोआप लागले, पुढचे १६ आठवडे बिनपगारी घेतले कारण ती बाटली तोंडालाच लावू द्यायची नाही, मग ऑक्टोबरअखेर कामावर, वर्षाचे उरलेले १० आठवडे भरलेले. २६ आणि १० किती? ३६. पाहिजेत ३९. तीन आठवडे!

दुसरा रस्ता म्हणजे त्या वर्षात २६ आणि त्याच्या आदल्या वर्षात २६ भरलेले, पण २०२१ चे माझे भरलेले दहाच.

इंट्रिओच्या, म्हणजे हा भत्ता बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, काउंटरवरच्या बाईंनी माझं रेकॉर्ड उघडलं, पेन स्क्रीनवर टेकवलं आणि विचारलं, हे १६ आठवडे रिकामे का? मी म्हटलं लीव्हवर होते, बाळ लहान होतं. मग त्यांचेही क्रेडिट मिळतात म्हणाल्या, फक्त कामावर परत गेल्यावर कंपनीकडून एक फॉर्म भरून घ्यायचा असतो. दीड वर्षात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, एचआरनेसुद्धा नाही. ज्यांनी काढून टाकलं त्यांनाच फॉर्मसाठी मेल करायला लागले, एक नाही पाच, शेवटी आला एकदाचा, ३६ चे ५२ झाले. निदान १३ तरी भरलेले लागतात, माझे त्या वर्षात दहाच, पण ते १३ दुसऱ्या काही वर्षांतून धरता येतात आणि २०२२ माझं पूर्ण भरलेलं होतं. आठवड्याला २२० युरो, सहा महिने. क्रेशची फी सुटली नाही त्यात, पण घरभाड्याला मोठा हातभार लागला.

सहा महिन्यांनी पैसे बंद झाले तरी मी बेरोजगार म्हणून सही करायला जातच राहिले, नुसत्या क्रेडिटसाठी. पुढचा जॉबसीकर्स अलाउन्स घरचं उत्पन्न बघून देतात, नवऱ्याच्या पगारामुळे तो मिळणार नव्हता, पण क्रेडिटला नवऱ्याचा पगार कुणी विचारत नाही. एक पैसा मिळत नाही तर कशाला हेलपाटे, असं मैत्रिणी म्हणायच्या. अगं पण रेकॉर्डमध्ये भोक पडतं ना! सलग दोन वर्षं काहीच लागलं नाही तर परत २६ आठवडे भरल्याशिवाय क्रेडिटसुद्धा मिळत नाहीत.

आता ३१ मार्च २०२५ पासून पगाराच्या प्रमाणातली नवीन योजना आलीये, पहिले तीन महिने पगाराच्या ६० टक्के, आठवड्याला जास्तीत जास्त ४५० युरो, पण त्या दरासाठी २६० आठवडे खरोखर भरलेले लागतात. म्हणून कुणी म्हणेल क्रेडिटचं काय घेऊन बसलीस. पण क्रेडिट आजारपणाच्या बेनिफिटला बघतात, पेन्शनला बघतात, आणि मुलांसाठी घरी थांबणाऱ्या बहुतेक आपण बायकाच असतो, ते आठवडे आपल्या नावावर लागलेच पाहिजेत, ते काय सुट्टीचे आठवडे होते का?

लुकनमधली एक मैत्रीण पुढच्या सोमवारी लीव्हवरून कामावर जातेय. शनिवारी तिच्याकडे जाऊन मायवेल्फेअर या सरकारी वेबसाइटवर तिचं पीआरएसआयचं स्टेटमेंट मागवणार आहोत आणि तो फॉर्म प्रिंट करून तिच्या ऑफिसच्या बॅगेत ठेवणार आहे मी. तुमच्यापैकी कुणी बिनपगारी १६ आठवडे घेतले असतील तर कमेंटमध्ये लिहा, मी फॉर्म शोधून देते.