‘सिझेरियनच्या टाक्यातून कॅन्सर’ म्हणे!

चुलत बहिणीचं सिझेरियन होऊन तीन महिने झाले. अजून अधूनमधून अंगावरून जातंय, आणि कुणा शहाण्याने तिला हा फॉरवर्ड पाठवला: ‘सिझेरियनच्या टाक्यातून कॅन्सरची गाठ होते. बाळंतपणानंतर सहा महिने अंगावरून जाणं चांगलंच, घाण निघून जाते. तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही. केमो घेतली की पुन्हा मूल नाही, आणि बाळाचं दूधही तुटतं.’ तो वाचून तिने डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकललं!

आधी ती ‘घाण’. बाळंतपणानंतरचा स्राव साधारण सहा आठवड्यांत आटपतो. त्यानंतरही जात राहिलं तर बहुतेकदा कारण साधंच निघतं: वारेचा राहिलेला तुकडा, जंतुसंसर्ग, नाहीतर परत सुरू झालेली पाळी. पण क्वचित, पूर्ण दिवसांच्या साधारण ५०,००० बाळंतपणांत एकदा, तो कोरिओकार्सिनोमा असतो, म्हणजे वारेच्या पेशींचा कॅन्सर. तो हुडकायला पहिली पायरी म्हणजे रक्ताची एक तपासणी, बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वारेच्या पेशी बनवतात त्या संप्रेरकाची. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरून जायला हवा तो आकडा इथे चढत राहतो. मग नवा गर्भ नाही ना हे सोनोग्राफीत बघायचं आणि छातीचा एक्स-रे काढायचा, कारण हा रोग पसरला की बहुतेकदा आधी फुप्फुसात जातो. खोकल्यातून रक्त पडणं हेच पहिलं लक्षण असलेल्या बाळंतिणीही असतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेचा, फिगोचा, या कॅन्सरचा धोका मोजायचा गुणतक्ता बघा; गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. बाळंतपणापासून उपचारापर्यंत चार महिन्यांच्या आत असाल तर शून्य गुण, चार ते सहा महिन्यांना एक, सात ते बाराला दोन, वर्ष उलटलं की थेट चार. एकूण सहापर्यंत गुण असले तर सहसा एका औषधावर, मेथोट्रेक्सेटसारख्या, भागतं आणि जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात. सात झाले की अनेक औषधांची केमो. आता सांगा, सहा महिने वाट बघायला सांगणारा कुणाचं भलं करतोय?

याच तक्त्यात टाक्यांचाही निकाल लागतो. वय, आधीचं गरोदरपण, गाठीचा आकार, रोग कुठे पसरला, सगळं विचारलंय. बाळंतपण नॉर्मल की सिझेरियन, हा रकानाच नाही. जुन्या व्रणाजवळ अशी गाठ क्वचित सापडते, हे खरं. पण ती टाक्याची नसते, वारेच्या पेशींचीच असते.

तुकड्याचं म्हणाल तर योनीतल्या अशा गाठीचा तुकडा काढताना रक्त थांबता थांबत नाही. म्हणून एचसीजी आणि सोनोग्राफी-स्कॅनवरूनच बऱ्याचदा उपचार सुरू होतात.

मूल? केमोनंतर साधारण वर्षभर थांबून पुष्कळ जणींना झालंय. हां, याच कुळातल्या दोन आणखी दुर्मिळ गाठी केमोला फारशी दाद देत नाहीत. त्यांत एचसीजीही कमीच चढतं, वरचा गुणतक्ता लागू होत नाही, आणि बहुतेकदा गर्भपिशवी काढावी लागते. तेवढ्यापुरतं फॉरवर्डवाल्याचं खरं. केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही, हेही खरं.