फक्त मदरबोर्ड बदलायचाय

रेडीमेड कॉम्प्युटर घेणाऱ्याचं बरं असतं, तो जातो, हा द्या म्हणतो, पैसे मोजतो आणि घरी येऊन निवांत झोपतो. बक्कळ बजेटवाला सगळं सुटं घेऊन जोडतो त्याचंही ठीक, नाही जमलं तर दुसरं घेईल. खरी गोची आमची. आम्हाला जुन्यातलं चालेल ते ठेवायचं असतं, न चालेल तेवढंच बदलायचं असतं, आणि तेही स्वस्तात. हे बोलायला इतकं शहाणपणाचं वाटतं की घरात कुणी हरकतच घेत नाही, आणि तिथेच घात होतो.

तसं माझ्या मशीनला काही झालेलं नव्हतं. सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, बटण दाबलं की थोडं कण्हत-कुंथत का होईना पण चालू व्हायचं बिचारं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला पाहिजे टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप), शिवाय इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे माणूस ठणठणीत, पण वयाचा दाखला आडवा आला. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाका असं सांगणारे भेटले, त्यांचं बरोबरच आहे, फक्त मला ज्या सॉफ्टवेअरशी रोज संसार करायचाय ती तिकडे नांदायला तयार नाहीत.

मग म्हटलं सोपंय. माझा सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, ११५१ पिनांचा, आठव्या जनरेशनचा सॉकेटही ११५१, एक जुना आठव्या जनरेशनचा प्रोसेसर मिळवायचा, घालायचा, विषय संपला. भाच्याला विचारलं. त्याला यातलं कळतं, निदान तो कळल्यासारखं ठामपणे बोलतो.

"मामा, बसेल. पण चालणार नाही."

झालं असं की २०१७ मध्ये पिनांची संख्या तीच राहिली, आकार तोच राहिला, पण कुठल्या पिनेने काय काम करायचं ते बदललं, त्यामुळे आठव्या जनरेशनला ३०० सिरीजचा मदरबोर्ड लागतो. यात गंमत बघा, त्याआधी ११५६ होता, मग ११५५ आला, मग ११५०, मग ११५१, म्हणजे एकेका पिनेवरून इतका काटेकोर हिशोब ठेवणाऱ्यांनी नेमका जिथे आकडा बदलायला हवा तिथे तो तसाच राहू दिला. असो. मी घरात जाहीर केलं की फक्त मदरबोर्ड बदलायचाय. मग मदरबोर्ड बदलायचाच तर आठवा जनरेशन कशाला, नवा प्रोसेसरच घेऊ. आणि नवा प्रोसेसर म्हटला की कुठला हा प्रश्न आला, आणि या प्रश्नातून माणूस सहसा परत येत नाही.

तर प्लॅटफॉर्म, म्हणजे कुठल्या सॉकेटच्या घराण्यात जायचं ते. एएमडी कंपनीचा एएम ५ घेतला, जो २०२२ ला आला, तर पुढची काही वर्षं प्रोसेसर बदलता येईल पण त्याला रॅम डीडीआर ५ च लागते, म्हणजे माझी डीडीआर ४ गेली. इंटेलचा १७०० सॉकेट घेतला तर काही बोर्डांवर डीडीआर ४ बसते, काहींवर डीडीआर ५, आणि दोन्हीला पिना २८८ च असतात, फक्त मधली खाच जराशी सरकवलेली आहे. ती खाच ज्याने कुणी सरकवली त्याने माझ्यासारख्या जोर लावून बसवणाऱ्यांवर उपकार केलेत. आणि तिसरा एएमडीचाच एएम ४, जो २०१६ पासून आहे आणि अजून त्याचे प्रोसेसर नवे मिळतात. जाणकार लोक त्याला डेड प्लॅटफॉर्म म्हणतात, म्हणजे पुढे काही अपग्रेड नाही. मला हे आवडलं. ज्याला पुढे अपग्रेडच नाही त्याच्या बाबतीत पुढे कुणी डोकं तरी खाणार नाही.

एएम ४ मध्ये बी ४५० नावाच्या मालिकेचे बोर्ड स्वस्त. पण हे बोर्ड २०१८ चे, त्यातला बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, जुना असला तर एएमडीच्या रायझन ५००० सिरीजचा प्रोसेसर ओळखतच नाही. मग बायोस अपडेट करायचा. तो करायला मशीन चालू व्हायला पाहिजे, आणि मशीन चालू व्हायला जुना प्रोसेसर पाहिजे जो माझ्याकडे नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ते हेच. काही बोर्डांच्या पाठीमागे एक बटण असतं, पेनड्राइव्ह लावून ते दाबलं की प्रोसेसर नसतानाही बायोस अपडेट होतो, पण असं बटण असलेला बोर्ड साहजिकच थोडा महाग. तेवढेच पैसे टाकायचे तर पुढच्या मालिकेतला बी ५५० का नको?

आणि हे "थोडे जास्त टाकले तर" म्हणजे मोठं जालीम प्रकरण आहे. कुठलाही पार्ट घ्या, त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा किंचित महाग आणि बऱ्यापैकी चांगला असा एक भाऊ उभाच असतो, त्याच्या शेजारी त्याचा थोरला भाऊ, आणि असं करत करत तुम्ही अशा प्रोसेसरपाशी पोचता जो थंड ठेवायला पाण्याचे पाइप लागतात. एकही पायरी अवास्तव नसते हो, प्रत्येक पायरीवर तुम्ही शहाणपणानेच वागलेले असता. माझ्या एक्सेल शीटमध्ये "पक्कं", "जवळजवळ पक्कं" आणि "हे शेवटचं" अशा तीन शीट झाल्या होत्या आणि तिन्हीत मॉनिटर सोडून सगळं बदललेलं होतं. शेवटी भाचाच वैतागून म्हणाला, "मामा, पण तू करणार काय त्यावर?"

इतका उद्धट प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी करणार काय? हिशोब, मेल, फोटो, ब्राउझरमध्ये टॅबांची जत्रा आणि अधूनमधून एखादा जुनाट गेम, जो आताच्या मशीनवरही छान चालतो. आणि मी रात्री जागून बघत होतो काय, तर अमुक गेममध्ये अमुक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ११८ फ्रेम देतं की १२४. तो गेम मला खेळायचाही नव्हता.

त्या एका प्रश्नाने ग्राफिक्स कार्डाचा अख्खा अध्याय गळाला, बरंच झालं, कारण ते जग फार फसवं आहे. जीटी १०३० नावाचं साधं कार्ड २०१७ ला आलं जीडीडीआर ५ मेमरीचं, पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर ४ वालं निघालं, त्याची मेमरी बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याचा वेग, जवळजवळ एक तृतीयांश, आणि खोक्यावर तेवढी एक ओळ बारीक. प्रोसेसरच्या शेपटाचंही तसंच. इंटेलच्या नंबरामागे एफ असला की आत ग्राफिक्स नाही, म्हणून स्वस्त, आणि सोबत कार्ड नसेल तर स्क्रीन काळी ती काळीच. रायझनच्या मागे जी असला की ग्राफिक्स आहे. म्हणून ५६००जी ठरला. त्यात नुसत्या ५६०० पेक्षा एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) अर्धी आणि कार्ड, एसएसडी जोडायचा पीसीआयचा रस्ता चौथ्या पिढीऐवजी तिसऱ्या पिढीचा, हे कळल्यावर मी पुन्हा शीट उघडली होती पण भाचा समोर बसलेला, मिटवून टाकली.

रॅमचं मात्र वाईट वाटलं. हा सगळा खटाटोप ती वाचावी म्हणून एएम ४ वर आणला, आणि मग कळलं की 'जी'वाल्या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन सारख्या पट्ट्या जोडीने हव्यात, आणि माझी २१३३ वाली जुनी पट्टी नव्या ३२०० वालीशेजारी लावली तर दोघी जुनीच्या चालीने चालतात. बरं नव्या घ्याव्यात तर नेमकी हीच वेळ, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी ओढून घेतली की भाव बघूनच गरगरलं. घेतल्या शेवटी आठ-आठच्या दोन. एसएसडीत डोकं घातलं नाही, बऱ्यापैकी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारातली, घेतली, फक्त मॅन्युअलमध्ये एवढं बघितलं की ती बसते तो एम डॉट टू चा स्लॉट वापरला की जुन्या डिस्क लावायचे कुठले साटा पोर्ट बंद पडतात.

राहिला पॉवर सप्लाय. बजेट चेपायचं म्हटलं की सगळ्यांचा हात आधी इथेच जातो, कारण तो दिसत नाही आणि त्याचे फ्रेम मोजता येत नाहीत. जुना आहे की, चालू आहे की, हे मीही म्हणत होतो. प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड नाही, म्हणजे ४५० वॉट सुद्धा चिक्कार. पण वॉट किती यापेक्षा ते खरे किती हा प्रश्न असतो, आणि '८० प्लस' ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे जे पदकांसारखे शिक्के असतात ते फक्त भिंतीतली वीज किती वाया जाते एवढंच सांगतात, आतले कपॅसिटर वगैरे सुटे भाग कसले आहेत ते नाही. हा गेला तर एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो, त्यामुळे इथे मी एकदाच काय ते थोडे जास्त टाकले आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही.

आता नवं मशीन व्यवस्थित चालू आहे, कॅबिनेट जुनंच आहे, आणि टेबलावर जुना बोर्ड, त्यावर आय-फाइव्ह, रॅम, हार्ड डिस्क असा संसार मांडून ठेवलाय. भाच्याने तो न्याहाळला.

"मामा, हे सगळं चालू आहे की. याला फक्त एक कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय घेतला, लिनक्स टाकलं, की झालं."

मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान मापाचा आहे, त्यामुळे कॅबिनेट तसं लहानही चालेल, पण त्या मापात हवा खेळायला पुढे जाळी असलेली फार कमी मिळतात, आणि थोडे जास्त टाकले तर...