बोलणी खाऊन भागतंय तोवर

शिक्षण संपून वर्षं उलटली, वय तिशीकडे झुकलं आणि मुलगा घरातच. रात्रभर मोबाइल, दुपारी उठणं, नोकरीचं विचारलं की "बघतोय". अशा घरांतले आईबाप भेटले की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्ही सांगून सांगून थकलो." माझं म्हणणं त्यांना आवडत नाही, तरी इथे मांडते. ते सांगणंच त्याला घरी बसायला सोयीचं पडतंय.

बघा ना. सकाळी आई दहा मिनिटं बडबडते, रात्री वडील पाच मिनिटं तोफ डागतात. तो मान खाली घालून ऐकतो, नाहीतर दार आपटून आत जातो. मग वायफाय चालूच, कपडे धुतलेले, मोबाइलचं रिचार्ज झालेलं. रोजची बोलणी हे त्या खोलीचं भाडं आहे आणि तो ते वेळच्या वेळी चुकवतोय. आईबापांनाही कर्तव्य केल्याचं समाधान मिळतं. फिटंफाट! अशी व्यवस्था वर्षानुवर्षं चालू शकते, कारण ती मोडायची गरज कुणालाच पडत नाही.

म्हणून आधी बोलणी बंद. टोमणे, "शेजारचा बघ", जेवताना काढलेला नोकरीचा विषय, सगळं बंद. सीमा आखायची ती त्यानंतर. आणि सीमा म्हणजे त्याने काय करावं याची यादी नव्हे. "दहापर्यंत उठलंच पाहिजे" ही सीमा नाही, कारण उठणं त्याच्या हातात आहे. "एक तारखेपासून तुझं रिचार्ज मी करणार नाही" ही सीमा आहे, कारण तिथे त्याच्या होकाराची गरजच नाही. जे पाळायला फक्त तुम्ही पुरेसे आहात, तेवढंच बोला. तारीख सांगा, एकदाच सांगा, शांतपणे सांगा, आणि त्या तारखेला तसंच करा.

यात माझ्या पदरचं फारसं काही नाही. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर आणि अमेरिकेत येल विद्यापीठात काम करणारे एली लेबोविट्झ यांनी घरात अडकून पडलेल्या सज्ञान मुलांच्या पालकांबरोबर याच दिशेने काम केलंय. मुलगा समुपदेशकाकडे यायला तयार नसतो, मग काम पालकांबरोबर करायचं. पालकांनी त्याच्यासाठी वागण्यात ज्या सवलती ठेवल्यात, त्या एकेक करून कमी करायच्या. त्याच्या वतीने फोन करणं, त्याला नको म्हणून पाहुण्यांना घरी न बोलावणं, त्याच्या झोपेसाठी दुपारभर कुजबुजत बोलणं. सवलतींची यादी लिहायला बसलं की कागद पुरत नाही.

पण हे सगळं करण्याआधी एक गोष्ट बघायलाच हवी. हा आळस आहे की आजार? डिप्रेशन, लोकांसमोर जायची तीव्र भीती, एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, थायरॉइडचा त्रास, व्यसन, हे सगळं लांबून आळसासारखंच दिसतं. ज्या गोष्टींत तो पूर्वी रमायचा त्याही सुटल्या असतील, आंघोळ सुटली असेल, मित्र तुटले असतील, तर आधी डॉक्टर. जीव द्यायची भाषा झाली तर ती धमकी समजून उडवून लावू नका आणि घाबरून सगळं परतही देऊ नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या. मात्र आजार निघाला म्हणून सीमा नकोत, असं होत नाही. उपचारांना जाणं सोपं व्हावं यासाठी पैसे द्यायचे, जाणं टाळता यावं यासाठी नाही.

जपानने हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पाहिलाय. तिथे सहा महिन्यांहून जास्त काळ घरात कोंडून राहणाऱ्यांना हिकिकोमोरी म्हणतात. 2019 मध्ये सरकारी पाहणीतून त्यांच्यातल्या 40 ते 64 वयाच्या लोकांचा अंदाज आला 6 लाख 13 हजारांचा. ऐंशीतले आईबाप आणि पन्नाशीतली मुलं, म्हणून '8050 प्रश्न' असं नावच पडलंय. "वय वाढलं की कळेल" म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरा बघावेत.

आणि 2018 मध्ये न्यूयॉर्क राज्यातलं प्रकरण आठवतंय? तिशीच्या मुलाला घराबाहेर काढायला आईबाप कोर्टात गेले होते. लोक पोट धरून हसले. मला त्यातली पत्रं महत्त्वाची वाटली. घर सोड म्हणून आईबापांनी एकामागून एक पाच लेखी नोटिसा दिल्या होत्या, एकीत तर नवी जागा शोधायला 1,100 डॉलर देऊ केले होते. तो हलला नाही. शेवटी न्यायाधीशांनी त्याला जायला सांगितलं. नोटीस गेली, पुढे काही झालं नाही, हे ज्याने एकदा पाहिलं तो पुढच्या नोटिशीला कशाला भिईल?

सुरुवातीला चिघळेलच. मिळायचं ते अचानक बंद झालं की माणूस आधी जास्त जोर लावून मागतो, हे वर्तनशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. आरडाओरडा, अबोला, "तुमचं माझ्यावर प्रेमच नाही". नेमक्या याच वेळी आईबाप विरघळतात आणि पोराला कळतं की एवढं ताणलं की मिळतं. शेवटपर्यंत निभावता येणार नसेल तर त्या सीमेला हातच लावू नका, तिच्याहून छोटी घ्या.

मुलींबद्दल ही तक्रार कमी ऐकू येते, हे लक्षात आलंय का? घरी बसलेली मुलगी घरकामाला लागते, म्हणून तिचं अडकणं कुणाला खुपतच नाही. तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

सगळ्यात अवघड भाग मुलगा नसतोच. एकाने पैसे बंद करायचे आणि दुसऱ्याने गुपचूप खात्यात टाकायचे, हे निम्म्या घरांत चालतं. आईबापांचं आपसात एकमत होईपर्यंत मुलाला एक अक्षर सांगू नका. मग आजी, मामा, ताई, जे जे मागच्या दाराने मदत करतात त्यांना बसवून सांगा. ओमेर तर म्हणतात, लपवूच नका, जवळच्या माणसांना मुद्दाम सामील करून घ्या. मुलगा अंगावर धावून येत असेल तर हे जास्तच गरजेचं, एकट्याने तोंड देऊ नका. मामाला मदतच करायची असेल तर त्याने पैसे देण्याऐवजी भाच्याला स्वतःबरोबर कामावर न्यावं.